बायडाबाईंच्या ओट्यावरची साखर

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बायडाबाई उसाच्या बांधावर उकिडव्या बसून भुईआवळी उपटत होत्या. माती ओली होती, रोप मुळासकट येत होतं. रविवारी औषध द्यायचं तर पाला आदल्या दिवशी उपाशीपोटी काढायचा, ही त्यांच्या सासूची शिस्त. आणखी दोन अटी तिच्याच. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि पथ्य रोग्याकडून चारचौघांत मोठ्यानं वदवून घ्यायचं.

बेलापूरजवळच्या त्यांच्या वस्तीवर पूर्वी काविळीचे रोगी येत. आता दारूला न शिवणारेही सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात. लिव्हरवर चरबी. बायडाबाई पाला वाटून ताकातून देतात. तळलेलं बंद, साखर बंद, जेवण दिवस मावळायच्या आत. साखर घरात ठेवायचीसुद्धा नाही. पैसे चालत नाहीत, म्हणून लोक घरातला साखरेचा डबा त्यांच्याच ओट्यावर आणून रिकामा करतात. घरं कारखान्याच्या सभासदांची, साखरेला तोटा नाही.

त्या पाटी घेऊन परतल्या तेव्हा सून निकिता दारात उभी होती.

“आत्याबाई, चहा घेऊ नका. शाळेत शिबिर हाय. उपाशी हायातच, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या.”

“मला काय धाड भरलीय? नुसती काडी हाय मी.”

“फुकट हाय.”

त्या गेल्या.

रांगेत पुढं सहादेव होता. गेल्या साली त्यानं त्यांचं औषध घेतलं होतं, पथ्यही पाळलं होतं. तपासून घेऊन तो हसतच बाहेर आला. “बाई, डाक्तरीन म्हनती लिव्हर सुधारलंय!”

सगळी रांग बायडाबाईंकडं पाहू लागली. पदर सावरून त्या आत गेल्या.

डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, मग परत त्याच जागी आणलं. “आजी, लिव्हरवर चरबी आहे. बरीच आहे.”

“दुसऱ्या कुनाचं बघताय तुमी.”

“तुमचंच आहे.”

“मी दारूच्या वासाला उभी राहत न्हाई. भज्याला हात लावत न्हाई. चरबी यील कुठून?”

“बारीक माणसालाही होतं. दिवसात चहा किती होतो?”

बायडाबाई बोटांवर मोजू लागल्या. येईल त्याला चहा, आणि येईल त्याच्याबरोबर त्यांनाही. पाकासारखा गोड. साखर कधी विकत आणावीच लागली नव्हती.

पडद्याबाहेर सहादेवचे कान टवकारलेले होते. “तरीच म्हनलं! आमची सोडवली आन् सगळी तुमीच खाल्ली व्हय?”

रांग खदखदून हसली. बायडाबाई उठून बसल्या. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली. ज्या साखरेला त्यांनी घराघरांत बंदी घातली, ती सगळ्यांची साखर त्यांच्याच कपात विरघळली होती.

“पथ्य तुम्ही बरोबर सांगता, आता तेच पाळा,” डॉक्टर म्हणाल्या. “पाल्याचं मी खात्रीनं सांगू शकत नाही, अजून तेवढा पुरावा नाही. रक्त देऊन जा. रिपोर्ट येईपर्यंत पाला घेऊ नका, आणि तपासल्याशिवाय दुसऱ्यालाही देऊ नका.”

घरी येऊन त्या पाटीपाशी बसून राहिल्या. पाला सुकायला लागला होता.

“उद्या ओटा बंद ठिवावा म्हनते,” सगळं सांगून त्या निकिताला म्हणाल्या. “कुनाला तोंड दाखवू?”

“सहादेव अण्णांनी आत्तापातुर गावभर केलं असंल. झाकून काय उपयोग?”

“मग?”

“पथ्य चारचौघांत बोलायचं असतं ना? तुमीच सांगता.”

बायडाबाईंनी सुनेकडं रोखून पाहिलं. निकितानं नजर हलवली नाही.

“साखरेची कोठी बाहेर काढ,” शेवटी त्या म्हणाल्या. “ज्यानं दिली त्यानं न्यावी. आन् ज्याच्याकडं रक्ताचा कागद न्हाई, त्याला उद्या पाला न्हाई. नुसतं पथ्य.”

उद्या रविवार. सकाळी सात वाजता रोगी ओट्यावर बसतील. पथ्य म्हणण्याची पहिली पाळी बायडाबाईंची, आणि ते वदवून घेईल निकिता. चहाचं पातेलं चुलीवर चढणार नाही.