नऊ खळ्यांची मनकर्णा

अमरावतीत गोल्फचं मैदान होतं हे आज कुणाला सांगितलं, तर तो माझ्याकडे असा बघतो की म्हातारबा चळला. पण होतं. कॅम्पाच्या पलीकडे, साहेब लोकांच्या क्लबाचं. मी त्या क्लबाचा बाबू होतो. वीस वर्षं टाइप केलं, वीस वर्षं 'येस सर' म्हटलं, आणि त्या वीस वर्षांत एकदाच माझ्या इंग्रजीचा कुणाच्या आयुष्याशी संबंध आला. तीच गोष्ट सांगायची आहे. ती माझी नाही, मनकर्णाची आहे, पण तिच्यात माझा हात आहे म्हणून सांगतो.

विलायतेत म्हणे हा खेळ हिरव्यागार गवतावर खेळतात. आमच्याकडे काळी जमीन. पावसाळ्यात पाय टाकला की जोडा चिखलातच राहायचा, आणि चैत्रात अशा भेगा पडायच्या की साहेबाचा चेंडू घरंगळत गेला की गेलाच, हात घालून काढायचं म्हटलं तर आत विंचू. म्हणून खेळ दिवाळी ते होळी. जिथे चेंडू गड्ड्यात पाडायचा, तिथे गवताऐवजी पेढी नदीची वाळू पसरायची, तिच्यात मोटारीचं जळकं तेल मुरवायचं आणि ती वाटोळी जागा घोटून सपाट करायची. साहेब त्या जागांना नंबरांनी ओळखत, एक ते नऊ. मनकर्णा त्यांना खळं म्हणायची, तिच्या बोलीत खयं.

प्रत्येक खळ्याला तिनं दिलेलं नाव होतं. तिसरं होतं सासूचं खळं, कारण तिथे कुणाचं काही चालत नसे, चेंडू नीट मारा की वाकडा. सहावं बाभळीचं. नववं, क्लबाच्या पायऱ्यांसमोरचं, नवरीचं, कारण त्याच्याकडे सगळे बघायचे.

खळी झाडायचं तिचं काम तसं साधं दिसायचं. बांबूला ओलं पोतं बांधायचं आणि गड्ड्यापासून बाहेर गोल गोल ओढत न्यायचं. कसब होतं ते चालण्यात. ती उलट्या पावलांनी चालायची. पुढे पोतं, मागे ती, म्हणजे पडलेलं प्रत्येक पाऊल पोत्याखाली जाऊन मिटायचं. शेवटच्या फेरीला ती खळ्याबाहेर पाऊल टाकायची तेव्हा वाळूवर माणूस येऊन गेल्याची खूण नसायची. खेळणाऱ्यांची एक टोळी पुढे सरकली की पुन्हा पोतं, पुन्हा उलटी चाल. दिवसाकाठी किती फेरे व्हायचे ते तीच जाणे.

ती माळ्यांची. नवरा पुंजाराम मैदानाचा माळी होता. सन तेवीसच्या थंडीत तापानं गेला, ऐन हंगामात. मूलबाळ नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णानं पोतं उचललं. तिला कुणी कर म्हटलं नाही आणि करू नको असंही म्हटलं नाही. महिनाभर साहेबांच्या लक्षातच आलं नाही की माळी बदलला. पुढे लक्षात आलं तेव्हा काम इतकं नेटकं होत होतं की कुणाला विषय काढावासा वाटला नाही. जागा मात्र पुंजारामच्याच नावावर राहिली. मी दर वर्षी म्हणायचो, ह्या वर्षी सेक्रेटरीसाहेबांना सांगून तिचं नाव लावून घेऊ. आज करे सो कल. अकरा वर्षं गेली.

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली तिची खोपी होती. खोपीमागे चार वाफे झेंडू-शेवंतीचे. दिवाळी झाली की पातूरहून तिचा दीर सहदेव यायचा. भला माणूस, भाजीच्या मळ्यात राबणारा. दर खेपेला तेच सांगायचा की वहिनी, एकटी बाई किती दिवस राहशील, लोक आम्हाला नावं ठेवतात, घरी चल. ती त्याला भाकर-पिठलं करून घालायची, झेंडूची फुलं बांधून द्यायची आणि गाडीवर सोडून यायची. मी एकदा विचारलं की एवढा बोलावतो तर जात का नाहीस. ती म्हणाली, "बाबूजी, तिथी मी पुंजारामची रांड अन् सहदेवची भावजय. इथी मी मनकर्णा हावो."

ते खरं होतं. सकाळी साहेबांची पहिली टोळी निघाली की मी व्हरांड्यातून हाक द्यायचो, "मनकर्णाऽऽ, आले!" आणि लांब कुठल्यातरी खळ्यावरून तिचा 'होऽऽ' यायचा. एवढंच आमचं रोजचं बोलणं. माझी बायको लवकर गेली, मुलगी अकोल्याला दिलेली. सकाळी कुणाला तरी हाक मारायची आणि तिकडून ओ यायची, हे मला किती लागायचं ते तेव्हा कळलं नाही.

आता पेंबर्टन मेमसाब. नवरा मोठा इंजिनिअर, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. बाई उंच, हाडकुळी, कुणात फार न मिसळणारी, आणि खेळायची अशी की निम्म्या साहेबांना पाणी पाजावं. पण क्लबाचा कायदा मोठा मजेशीर. मधल्या दालनात बायांनी यायचं नाही. त्यांच्यासाठी कडेला एक पडवी होती, तिला साहेब लोक हसत हसत 'मुर्गीखाना' म्हणायचे. आणि रविवारी मैदानावर बाईनं पाऊल ठेवायचं नाही, कारण रविवार हा साहेबांचा. अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्यांना आपल्याच बायकांची एवढी धास्ती का, हे कोडं मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

मेमसाब आणि मनकर्णा यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी काहीतरी होतं. बाकीचे साहेब पोतं फिरत असतानाच बूट घेऊन खळ्यावर चढायचे. ही काठावर थांबायची, मनकर्णा बाहेर येईपर्यंत. मग दोघी क्षणभर ती सपाट वाळू बघत उभ्या राहायच्या. एकीला घर नव्हतं आणि दुसरीच्या घरात कुणी नव्हतं, असं माझ्या मनात यायचं.

सन चौतीसच्या पौषात मेमसाबनं कमिटीला पत्र द्यायचं ठरवलं. बायांना रविवार मिळावा. पत्र मीच टाइप केलं, चांगलं होतं, ठसठशीत. शेवटी तिला एक मुद्दा सुचला. मला घेऊन ती थेट सासूच्या खळ्यावर गेली आणि म्हणाली, हिला विचारा, ही रविवारी मैदानावर असते ना.

मनकर्णानं पोतं खाली ठेवलं. काहून विचारून राहिली मेमसाब, असं तिनं मला विचारलं. मला त्या क्षणी काहीतरी खटकलं, हे मी देवाशपथ सांगतो. सेक्रेटरीसाहेबांचा स्वभाव मला ठाऊक होता. पण मेमसाब माझ्याशी माणसासारखं बोलत होती, मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि मी म्हणालो, सहज विचारते.

मनकर्णा ताठ झाली. पदर नीट केला. म्हणाली, "तिले सांगजा, अकरा सालं झाली, एक बी इतवार चुकला नाई. आंगात ताप असला तरी मी नऊच्या नऊ खयं झाडते."

मी शब्दन् शब्द सांगितला. माझं इंग्रजी त्या दिवशी नको तितकं चांगलं निघालं. मेमसाबनं ते पत्रात घातलं. एक बाई अकरा वर्षं दर रविवारी ह्या मैदानावर चालते आहे, त्यानं क्लबावर आकाश कोसळलं नाही, मग आम्हीच का नको?

कमिटी बसली. मी कोपऱ्यात लिहायला. सेक्रेटरीसाहेबांनी पत्र वाचलं, पाइप बाजूला ठेवला आणि फार शांतपणे म्हणाले की बाईसाहेबांचा मुद्दा बिनतोड आहे. कायद्यात 'बाई' म्हटलंय, मेमसाब म्हटलेलं नाही. कायदा सगळ्यांना सारखा हवा. आपल्याकडून अकरा वर्षं चूक झाली, ती सुधारली पाहिजे. बाकीचे मान हलवून मोकळे झाले. दहा मिनिटंही लागली नाहीत. समानता आली ती अशी.

क्लबाच्या बटलरच्या नात्यातला एक माणूस माळी म्हणून ठरला. रविवार नाही म्हणजे काम नाही, आणि खोपी कामाबरोबरची. मी तोंड उघडलं नाही. तिचं नाव मी वेळेवर लावून घेतलं असतं तर काही फरक पडला असता का, कुणास ठाऊक. पण लावलं नव्हतं, आणि माझी मान वर होईना.

मनकर्णाला सांगायला मीच गेलो. ती शेवंतीला पाणी घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की शनिवारी दिवस मावळता झाडून ठेवते, इतवारी पाय ठेवत नाई. मी सांगितलं, टोळीमागे टोळी खेळते, प्रत्येकीमागून झाडावं लागतं, तुला काय सांगायचं. तिनं मान डोलवली. ते तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मेमसाब खोपीत आली. डोळे सुजलेले. मला असं नको होतं, मी ह्यांच्याशी भांडेन, तोवर माझ्या बंगल्यावर काम कर, असं बरंच बोलत होती. मी भाषांतर करत होतो. मनकर्णा खाली बघत होती. मग बोलली.

"तिनं मले विचारलं तवा मले वाटलं, माह्यं काम विचारून राहिली. ती तं फकस्त मी बाई हावो का, एवढंच विचारून राहिली होती."

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. ती येत नाही म्हणते, एवढंच म्हणालो. माझ्या हातून ह्या प्रकरणात घडलेलं एकमेव दयेचं काम, पण ते कुणावर केलं कोण जाणे.

शनिवारी संध्याकाळी तिनं नऊ खळी झाडली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. रविवारी उजाडता सेक्रेटरीसाहेब पायऱ्यांवर आले तर नवरीच्या खळ्याच्या अगदी मधून अनवाणी पावलांची एक ओळ गेलेली. सुलट, टाचा खोल रुतलेल्या, कडेपासून कडेपर्यंत, पुढे स्टेशनच्या रस्त्याला लागलेली. हे कुणाचं, असं त्यांनी मला विचारलं. अकरा वर्षांत तिचं पाऊल कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी म्हणालो, "मनकर्णाबाईचं, सर." त्यांनी माळ्याला बोलावलं. नव्या माळ्यानं पोतं फिरवलं ते सुलट चालून, आणि पुसलेल्या जागी त्याचीच पावलं उमटत राहिली.

व्हरांड्यातून हाक मारायचं मी सोडून दिलं. नव्या माळ्याचं नाव होतं, पण तोंडात येईना.

पेंबर्टनसाहेबांची बदली झाली तरी मेमसाबची पत्रं कमिटीला येतच राहिली. तीन वर्षांनी नवे सेक्रेटरी आले आणि बायांना रविवार मिळाला. ठरावात शब्द होते 'सभासदांच्या कुटुंबातील स्त्रिया'. मीच टाइप केला.

त्या उन्हाळ्यात मी अकोल्याला मुलीकडे गेलो होतो. मोटार धरून पातूरला गेलो. सहदेवचं घर मळ्यातच होतं. मनकर्णा दारापुढे वांगी निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला बघून उठली, चहा टाकायला सांगितला, आणि मग खळ्यांची चौकशी सुरू केली, एकेकाचं नाव घेऊन. सासूच्या खळ्यावर अजून पाणी साचतं का, बाभूळ तोडली का ठेवली, नवरीला तेल देतात का नाही. मी जमेल तशी उत्तरं दिली. निम्मी खोटी होती.

मग मी बायांना रविवार मिळाल्याचं सांगितलं. तिनं हातातल्या वांग्याचं देठ खुडलं.

"म्हंजे मी बी येऊ शकते?"

मी सांगितलं की ते सभासदांच्या घरच्या बायांसाठी आहे. ती "हाव, बरोबर हाये," म्हणाली, आणि मेमसाबला बरं वाटलं असेल, असंही म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला परतताना सोपं गेलं असतं.

निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. इथं सगळे चांगले आहेत, म्हणाली, दोन वेळ सुखाची भाकर आहे. मग थोडी घुटमळली. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला विहीर होती, तिकडे बोट दाखवलं.

"बाबूजी, मी तिथी जाऊन उभी राहते. सडकेवर गेले का एक डाव हाक मारजा. पयल्यासारखी."

मी सडकेवर जाऊन थांबलो. ती विहिरीपाशी पोचली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी छातीत होता नव्हता तेवढा दम काढून ओरडलो, "मनकर्णाऽऽ, आले!"

लांबून तिचा 'होऽऽ' आला.

सहदेवची सून घरातून पदर सावरत फाटकाशी आली. तीन वर्षं ती त्या बाईच्या हातची भाकर खात होती. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मला म्हणाली, "कोनाले हाक मारून राहिले, बाबूजी? या नावाचं आमच्या इथी कोनी नाई."