मुलगा उड्या मारतो

बाबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथे काहीही अचानक उडू नये म्हणून ते आयुष्यभर पगार घेत होते आणि त्यांच्याच क्वार्टरमध्ये मी दिवसभर उडत होतो.

पार्कूर हा शब्द तेव्हा पुण्यात कोणाला ठाऊक असलाच, तर तो मला भेटला नव्हता. सायबर कॅफेत परदेशी पोरांचे व्हिडिओ बघायचो. भिंतीवरून कठड्यावर, कठड्यावरून जिन्यावर, पाणी वाहावं तशी ती पोरं जायची. शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले. तेव्हा लक्षात आलं की सगळे उडी बघतात, खरी करामत मात्र खाली येण्यात आहे. आधी चवडे टेकतात, गुडघे वाकतात, मग एका खांद्यावरून तिरपी कोलांटी, आणि माणूस उभा. मी शेवटापासून सुरुवात केली. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून नुसता पडायला शिकलो.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. खालच्या काकू एक दिवस वर आल्या आणि आईला शांतपणे म्हणाल्या, "नवीन जातं घेतलंत वाटतं. दळण संपलं की सांगा, मी जरा आडवी होईन म्हणते."

मग मी बाहेर पडलो. क्वार्टर्सच्या मागे भिंतींची रांगच होती. मात्र त्यातली कुठली भिंत नुसती भिंत आणि कुठली संरक्षण खात्याची, हे मला कळत नव्हतं. ते पहारेकऱ्याने समजावलं. मला ऑफिसात बसवून बाबांना कामावरून बोलावणं गेलं. साहेबांचा प्रश्न साधा होता: दहा पावलांवर फाटक उघडं असताना भिंतीवरून कशाला? मी खरं ते सांगितलं, की फाटकातून जाता येतं हे माहीत होतं, भिंतीवरून जाता येतं का ते बघत होतो. साहेबांनी बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "चोरीच्या बाबतीत मी खात्री देतो साहेब. अकलेच्या बाबतीत देता येत नाही."

तरी मी सोडलं नाही. पुढे जाहिरातींत, मालिकांत कामं मिळाली. हिरो जिन्याने यायचा, त्याचा शर्ट घालून मी गच्चीवरून. सकाळी मैदानात पोरांना शिकवू लागलो. घरात मात्र माझ्या कामाला नाव नव्हतं. आई नातेवाइकांना "फिटनेस लाइनमध्ये आहे" असं सांगायची आणि पटकन चहा टाकायला उठायची.

ते वाक्य लोणी काळभोरला कामाला आलं नाही. तिथे मुलगी बघायला गेलो होतो. बागायतदार घर, मुलगी बँकेत नोकरीला. तिच्या आईचा हात प्लॅस्टरमध्ये होता, त्यामुळे पोहे मुलीच्या आत्याने आणले आणि चौकशीही आत्यानेच सुरू केली.

"फिटनेस म्हंजी नक्की काय करत्यात?"

आई शब्द शोधत होती. बाबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "उड्या मारतो."

मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "कशावरनं?"

"भिंतीवरून."

"कुणाच्या?"

बाबांनी पोह्यांची बशी उचलली. शेवटी मुलीच्या वडिलांनीच सुचवलं, गोठ्यामागं आमची भिंत हाय, करून दाखवा. मी आधी भिंतीपलीकडे नीट डोकावलो. ज्याला उतरायची जागा दिसत नाही त्याने उडी मारू नये, हे मी पोरांना रोज सांगतो. पलीकडे करडी, कोरडी, सपाट जमीन दिसली. मागे जाऊन धावत आलो, भिंतीवर हात टेकले आणि पाय दुमडून पलीकडे गेलो.

शेणखड्ड्यावर उन्हाने साय धरते आणि ती हुबेहूब जमिनीसारखी दिसते, हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं. मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. तिथेच थांबायला हवं होतं, पण शरीराने सवयीने पुढची कोलांटी घातली. अगदी शास्त्रशुद्ध, खांद्यापासून कमरेपर्यंत. शेवटी उभाही राहिलो. भिंतीवर ओळीने डोकी दिसत होती. त्यातलं बाबांचं डोकं म्हणालं, "हेच करतो."

मुलगी पाण्याचा पाइप घेऊन आली. हसू दाबायचा तिने प्रयत्नही केला नाही. मला धुता धुता विचारलं, "लागलं का कुठे?"

"नाही."

"एवढ्या उंचावरून पडून?"

मी तिला पडायचं कसं ते सांगू लागलो. तळहात टेकून वजन अडवायचं नाही, ते अंगभर वाटून द्यायचं. जमिनीशी भांडायचं नाही. तिने पाइप बाजूला केला. तिची आई अंगणात साधी घसरली होती आणि हात टेकायला गेली म्हणून मनगट मोडलं होतं.

"हे आईच्या वयाच्या बायकांना शिकवता येईल?"

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "उडी सोडून सगळं येईल."

तिच्या वडिलांचा सदरा-पायजमा घालून मी घरी आलो. पायजमा पोटरीपर्यंतच येत होता. वाटेत बसमध्ये आईने खिडकीकडची जागा मला दिली, शेजारची बाबांना दिली आणि स्वतः पुढे जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. आठवड्याने होकार आला. लग्नाआधीच सासूबाईंचं प्लॅस्टर निघालं, आणि हात पुरता बरा झाल्यावर माझ्या पन्नाशीपुढच्या पहिल्या विद्यार्थिनी त्याच झाल्या. गादीवर लोळताना त्या इतक्या लाजायच्या की आत्याला दाराशी पहाऱ्याला बसवायच्या. आता आत्याही येते.

उड्यांची शाळा मी अजून चालवतो, पण जास्त गर्दी बायको आणि मी मिळून घेतो त्या पडण्याच्या वर्गाला असते. सगळ्या काकू-मावश्या, पंजाबी ड्रेस घालून. परवा त्यांतल्या एकींचा फोन आला. मंडईत कोबीच्या पाल्यावरून त्यांचा पाय घसरला होता. शिकवल्याप्रमाणे खांद्यावरून वळल्या आणि उठून बसल्या. भाजीवाला पाणी घेऊन धावला, तर त्यांनी त्याला आधी मेथीचा भाव विचारला. खरचटलंसुद्धा नाही, म्हणाल्या. मी आनंदाने शाबासकी देऊ लागलो.

"अहो, कौतुक नंतर करा," त्या म्हणाल्या. "पडताना हातातल्या टोमॅटोंचं काय करायचं, ते आपण शिकवलेलं नाही."

या सोमवारपासून आम्ही पिशवीसकट पडायला शिकवतो.