कुंकवाखालचं इंजिन
दसऱ्याला आई शिलाई मशीनला तेल देऊन हळद-कुंकू वाहते, तो वास आला की नवघरच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवते. अर्धांगवायूनंतर बाबांनी उजवा हात वापरणंच सोडलं होतं. त्या दुपारी मात्र त्यांनी आपली जुनी मॉडेल रेल्वे मांडली, आणि इंजिन हलेना. सोसायटीचे सेक्रेटरी सहज डोकावले होते; कधीतरी लिफ्टच्या दुरुस्तीच्या वेळी शेजारी उभं राहिल्याच्या अधिकाराने ते म्हणाले, "मोटर गेली. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल." ते गेल्यावर बाबांनी इंजिन उलटं केलं. चाकांवर कुंकवाचे थर होते. "दर दसऱ्याला तू चाकांना लावायचीस?" त्यांनी आईला विचारलं. "मग? यंत्रच ना ते?" आई म्हणाली. "अगं, रुळांतली वीज चाकांतूनच आत जाते. कुंकू ओलांडून कशी जाणार ती?" मी स्पिरिटचा बोळा उचलला, तर बाबांनी डोळे वटारले आणि उजव्या हाताने स्वतःच एकेक चाक पुसलं. इंजिन कुरकुरलं, आणि चक्क निघालं. आई कुंकू घेऊन धावली. "टपावर लाव!" बाबा ओरडले. संध्याकाळी चहाचा कप त्यांनी उजव्या हाताने उचलला. निम्मा बशीत सांडला. हल्ली मी त्यांना कप काठोकाठ भरून देतो; निम्मा सांडला तरी निम्मा प्यायला उरतो.