खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

आमच्या सातपूरच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक यंत्र बंद ठेवून त्याची पूजा व्हायची. लेथला हार, प्रेसला हार आणि माझ्या सर्व्हरलाही. एरवी वर्षभर इन्व्हर्टरच्या जिवावर अखंड घरघरणारा तो डबा त्या दिवशी मीच बंद करायचो.

सगळ्यांची नावं आणि पासवर्ड त्यावरच्या डिरेक्टरीत होते. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर ती मी एकट्याने खपून उभी केली होती. मोठ्या साहेबांना पुण्याहून विकतची यंत्रणा आणायची होती. माझी चालतेय तोवर चालू दे, एवढ्यावर ते थांबले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हर सुरू केला आणि कुणालाच लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, तरी नकार. स्टोअरचा सुपरवायझर सायखेड्याचा. तो म्हणाला, "साहेब, लय कुंकू वाहिलं तुम्ही. नाकात गेलं जणू त्याच्या." सगळे हसले. मीही हसलो. पण गेटवर ट्रक उभे होते आणि चलनं छापली जात नव्हती.

"संध्याकाळपर्यंत बघा," साहेब म्हणाले, "नाहीतर मी पुण्याला फोन लावतो."

मी त्या पूजेभोवतीच घुटमळत राहिलो. वायरी काढून लावल्या. डबा उघडून खरंच कुंकू शोधलं, इतकी अक्कल गहाण पडली होती. मग सर्व्हरच्या नोंदींचा लॉग वाचता वाचता उलगडा झाला. गणपतीच्या सुमारास सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधला एक भाग, एक लायब्ररी, आपोआप अपग्रेड झाली होती, आणि सर्व्हरची ओळख पटवणारं आमचं जुनं सर्टिफिकेट नवीला मान्य नव्हतं. पण चालू सर्व्हरच्या मेमरीत जुनीच लायब्ररी बसून होती, म्हणून इतके दिवस निभावलं. पूजेसाठी बंद केला आणि ती गेली; सुरू करताना नवी आली.

नवं सर्टिफिकेट बनवलं. लॉगिन झालं! धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे वर्षातून एक दिवस विश्रांती दिली, तर तुमचं यंत्र उठेना. असलं यंत्र काय कामाचं?"

फोन त्यांनी दुपारीच केला होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

पुढच्या खंडेनवमीला पुण्याहून आलेल्या सर्व्हरच्या चकचकीत कपाटाला हार घालायला मलाच बोलावलं. घातला. ते बंद मात्र करायचं नाही, अशी पुण्याच्या कंपनीची सक्त सूचना होती.