बंद पडलेला कानोबा

आमच्या वऱ्हाडात अष्टमीले घरोघर कानोबा बसते. कानोबा म्हनजे किसनदेव, लहानपनचा. मातीचा असते, कुंभाराघरून आनाचा. संध्याकाळी पाटावर बसवाचा, भजनं म्हनाची, पाळना म्हनाचा, दुसऱ्या दिवशी दहीकाल्याचा निवद दाखवून नदीत सोडाचा. त्याच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगतात अन् तिले करंज्या, पापड्या, वेण्या असं तळलेलं सारं दोरीनं बांधतात. त्याले फुलोरा म्हनतात.

माहं माहेर तिवस्याकडचं. माही माय फुलोऱ्याचं तळाले बसली का कानोबासंग बोलत जाय. "थांब ना रे जरा, तेल तापून राह्यलं. तुलेच घाई झाली का?" असं. मी लहान होती, मले वाटे तो खरंच मांगून राह्यला. देवळातल्या देवापुढं आमी हात जोडून उभ्या राहो, काई मांगाचं तं खालच्या आवाजात मांगो. कानोबाले दटावता येते. आमच्यासारख्या बायायले पोथी वाचता येत नाई, मंत्र येत नाई. मी तिसरीपर्यंत शाळेत गेली, मंग धाकल्या भावंडायले सांभाळाले घरी राह्यली. पन घरातलं पोट्टं कसं सांभाळाचं ते तं येते. म्हनून तो आमचा.

लगीन होऊन बाळापूरकडच्या गावात आली. आमी माळी. मन नदीच्या काठी थोडं वावर, त्यात झेंडू, वांगे, सांबार म्हनजे कोथमीर, जे होईन ते. मालक लवकर गेले. एक पोरगा अन् एक पोरगी, दोघायले मोठं केलं. पोरगी अमरावतीले दिली. पोराचं लगीन केलं, त्याले एक पोरगी झाली.

फुलोरा बांधाचं काम माह्या पोराचं. लहान होता तवापासून त्याचंच. पाटावर चढून बांधे, मंग मोठा झाल्यावर नुसता हात वर करून. त्याची गाठ अशी पक्की का दुसऱ्याच्यानं सुटत नसे. मी म्हनो, "अरे, देवाले खाऊ द्याचं का टांगून मारून टाकाचं?" तो म्हने, "आई, चोर आहे तो. सोपी गाठ बांधली तं रातीच खाऊन टाकन."

त्या वर्साच्या अष्टमीले असंच झालं. फुलोरा बांधून झाला, कानोबा पाटावर बसला, आरती बाकी होती. पोरगा म्हने, हार बारीक दिसून राह्यला, वावरातून चार फुलं अजून आनतो. पाऊस पडून गेला होता. मोटरीचा तार ओलात पडलेला, त्याले दिसला नाई.

त्याले घरी आनलं तवा कानोबा समोरच बसून होता. माही मोठी जाऊ आली अन् तिनं कानोबाचं तोंड भिताडाकडे केलं. दुसऱ्या दिवशी कोनीतरी त्याले बिना आरतीचा नदीत सोडून आलं. कोनं सोडला मले अजून मालूम नाई. मी इचारलं नाई.

फुलोरा तसाच टांगून राह्यला. तेरवी झाली तवा मी वर पाह्यलं, तं करंज्यायले मुंग्या लागलेल्या. त्या काढल्या. दोऱ्या निघाल्या नाईत. सुनेनं इळा आनला, म्हने कापून टाकू का. मी म्हनलं राहू दे.

सनाच्या दिवशी घरचं मानूस गेलं का तो सन त्या घरी बंद पडते. आमच्याकडे असंच आहे, पहिलेपासून. मंग त्याच तिथीले त्या घरात लेकरू जन्मलं, नाई तं घरची गाय व्याली, तवाच तो फिरून चालू होते. आपल्या मनानं चालू करता येत नाई. माह्या घरी लेकरू कोठून येईन? सुनेचं कुंकू गेलेलं, मी म्हातारी. पोरीची लेकरं तिच्या सासरची, ती आमाले चालत नाईत. राह्यली गाय.

एकच गाय होती, कपिली रंगाची. पोरानंच आनलेली. मी वावरात राबून घरी आली का पहिले कोठ्यात जाओ, तिच्या पोटावर हात ठेवो. एका वर्सी पोळा झाल्यावर व्याली. एका वर्सी शिवरात्रीच्या सुमाराले. मले राग ये. मुक्या ढोराचा काय राग कराचा, पन ये.

पोरगी फोनवर म्हने, "आई, अमरावतीले ये ना अष्टमीले. माह्या घरी बसते तं कानोबा."

मी म्हनो, "तो तुह्या घरचा आहे वं."

"देव एकच आहे ना पन?"

"मंग माहा कावून बंद आहे?"

 असं म्हनून मी फोन ठेवून देओ. खरं सांगू तं मी रात्रंदिवस त्यालेच इचारत होती. आमी तुले लेकरावानी वाढवलं, तुह्यासाठीच फुलं आनाले गेला तो, अन् तू पाटावर बसून पाहत राह्यला. असं म्हनत जाओ अन् मंग भेव वाटे का हा रागवला तं येनारच नाई. पोरगा तं येनार नव्हता. हा तरी यावा. पोराच्या हातच्या दोऱ्याखाली एकदा तरी हा बसावा, मंग मी मेली तरी चालते, असं झालं होतं मले.

मंग एका दिवाळीच्या पाठोपाठ गाय फळवली. बोटावर महिने मोजले तं बरोबर अष्टमीच्या आसपास येत होते. डॉक्टर म्हने, गाय आता थकली, हे शेवटचंच वेत समजा. मी सरकीची ढेप घातली, चांगलं कुटार घातलं, सोता भाकरीसंग चटनी खाल्ली. गावात सगळ्यायले कळलं. मोठी जाऊ म्हने, "काय वं, गायीचं बाळंतपन का पंचांग पाहून करतेस?"

मी म्हनलं, "बाई, तुमच्या घरी बसते, तुमाले काय कळनार?"

"बसते तं. पन तुह्या घरच्या फुलोऱ्यासारखा नाई दिसत," ती म्हने अन् उठून गेली. ती तशीच आहे. बोलते वाकडं, पन रडते माह्यासंग.

अष्टमी उजाडली अन् गाय बसू लागली, उठू लागली. मी कोठ्यातून हालली नाई. सुनेनं अंगन सारवलं. कोनी सांगतलं नव्हतं, तिनंच सारवलं. नातीनं पाट धुवून उन्हात ठेवला. ती पोट्टी बापाच्या वेळी पाळन्यात होती, तिनं आपल्या घरी कानोबा पाह्यलाच नाई.

दुपार होत आली तरी वासरू येईना. एक पाय दिसे अन् आत जाय. गाय डोळे पांढरे करू लागली. सुनेनं ढोराच्या डॉक्टरले फोन लावला. तो फटफटीवर आला, हाताले तेल लावून आत हात घातला, अन् लय वेळ चाचपत राह्यला.

मंग म्हने, "आजी, वासराची मान उलटी वळली आहे. जिवंत आहे, हालून राह्यलं. आता असंच जोरानं ओढलं तं वासरू निघन जिवंत, पन गाय आतून फाटन. सावकाश मान सरळ करून काढलं तं गाय वाचन. तवापर्यंत वासरू राहते का नाई, सांगता येत नाई. तुमी सांगा."

तो सरळ मानूस होता. त्याले काय मालूम का आज कोनता दिवस आहे ते माह्यासाठी.

सून माह्याकडे पाहून राह्यली होती. तिच्या मनात काय आहे मले दिसत होतं, माह्या मनातही तेच होतं. ओढा म्हनलं तं संध्याकाळी कानोबा घरात. गाय म्हातारीच आहे, आज ना उद्या जाईनच. असा इचार आला मले. मी गायीच्या डोक्यापाशी बसली होती. तिनं माह्या मांडीवर तोंड ठेवलं होतं, अन् तिचा श्वास गरम गरम लागत होता. पोराले आनलं तवा त्याचं डोकं असंच मांडीवर घेतलं होतं मी. ते थंड होतं.

मी म्हनलं, "सावकाश काढा."

सून उठून बाहेर गेली.

डॉक्टरनं लय मेहनत केली. घामानं भिजला बिचारा. वासरू निघालं तवा कालवड होती, कपिलीच, कपाळावर पांढरा ठिपका. त्यानं तिचं नाक साफ केलं, छाती चोळली, उलटं धरलं. काई नाई. त्यानं तिले कुटारावर ठेवलं अन् हात धुवाले गेला. गाय उठाले पाहे, उठता येईना, तशीच मान लांब करून तिले चाटत राह्यली.

मोठी जाऊ आली. दाराशी उभी राहून पाह्यलं. मी इचारायच्या आदीच म्हने, "जीव नाई ना वं त्यात. मंग नाई होत."

"मालूम आहे बाई."

"माह्या घरी या संध्याकाळी. दोघीही या."

ती गेली. मी कोठ्यातून घरात आली तं सून चुलीपाशी बसलेली, अन् तिच्यापुढं टोपल्याखाली काईतरी झाकलेलं. मी टोपलं उचललं. कानोबा होता. निळा, हातात लोन्याचा गोळा, गालावर रंग थोडा ओघळलेला. तिनं बाळापूरच्या बजारातून आनून ठेवला होता, मले न सांगता.

"कवा आनला?"

"बजाराच्या दिवशी." मंग म्हने, "आई, बसवू ना याले."

"वासरू मेलं पोरी."

"बाहेर येतानी श्वास घेतला होता म्हनू. एक श्वास. कोनं पाह्यलं? डॉक्टर गेला. तुमी अन् मीच होतो."

"तू बाहेर होती."

"मंग तुमीच पाह्यला म्हना. तुमचं कोन खोटं म्हनते? मोठ्याबाईही नाई म्हननार." ती रडत नव्हती. डोळे कोरडे ठन होते. "मले तो पाहिजे आई. त्यायनं बांधलेल्या दोऱ्या मी रोज पाहते. झाडू मारतानी पाहते, सयपाक करतानी पाहते. मी काय कराचं त्या दोऱ्यायचं?"

मी खाली बसली. माह्यापाशी काई नव्हतं तिले द्याले. ती मांगत होती तेच मी इतके वर्स मांगून राह्यली होती. अन् खरंच, कोनी खोटं म्हनलं नसतं. सगळ्यायनं होच म्हनलं असतं, उलट त्यायले बरं वाटलं असतं. पाट धुतलेला, अंगन सारवलेलं. नुसतं उचलून ठेवाचं होतं.

मी म्हनलं, "माह्या पोराच्या जागेवर लबाडी नाई बसवत मी."

ती मंग रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाई. फिरवला असता तं मीच हो म्हनून बसली असती.

ऊन उतराच्या आदी आमी दोघी वासरू घेऊन वावरात गेलो. पोत्यात घातलं होतं. बांधाच्या कडेले, जिथं पोरगा फुलं ठेवे तिथं, मी खड्डा केला. काळी माती ओली होती, लवकर निघाली. सुनेच्या हातात पदराखाली काईतरी होतं ते मले वाटेनंच दिसलं होतं. वासरू खाली ठेवल्यावर तिनं कानोबा काढला.

"याले घरी ठेवू शकत नाई, नदीत सोडू शकत नाई. बसलाच नाई तं सोडाचा कसा?" ती म्हने. "इथं ठेवू का? वासरापाशी?"

मी इचार केला. आरती नाई झाली, तवा तो अजून मातीच. अन् देव असन तरी, गाई राखनाराच आहे. वासरापाशी त्याले काय वाईट वाटन?

"ठेव," म्हनलं.

तिनं त्याले वासराच्या मानेपाशी ठेवलं, ती मान वळली होती तिथं. त्याच्या हातातला लोन्याचा गोळा बराबर वासराच्या तोंडाशी आला. आमी माती लोटली. दोघींनीही लोटली, हातानं.

संध्याकाळी मी मोठ्या जावेकडे गेली नाई. सुनेले अन् नातीले धाडलं. तिकडं टाळ वाजू लागले तवा मी कोठ्यात होती. गाय उभी राह्यली होती आता, हंबरत होती, थांबत नव्हती. तिची कास भरून आली होती अन् पान्हा सोडत नव्हती. वासराशिवाय ढोर दूध देत नाई. मी धार काढाले बसली, तिनं पाय झाडला. फिरून बसली. तिकडं पाळना सुरू झाला. तो पाळना मी पोरगा गेल्यापासून म्हनला नव्हता, आयकला तरी उठून जाओ. त्या दिवशी उठून कोठं जानार? गायीच्या पोटाले डोकं टेकवून बसली होती. तशीच म्हनत गेली, त्यायच्यासंग. 

गायीनं हंबरनं थांबवलं नाई. पन पान्हा सोडला. चीक घट्ट पिवळा निघाला.

सून परत आली तं मी तिले तो चीक गरम करून दिला. ती म्हने, "मोठ्याबाईनं फुलोरा सैल बांधला आई. दोन करंज्या पडल्या."

"पडनारच," मी म्हनलं. "तिले गाठ येत नाई."

आमी दोघींनी वर पाह्यलं. दोऱ्या होत्या तशाच होत्या.

डॉक्टर मंग एकदा आला होता. गाय पाहून म्हने, आता हिले गाभन ठेवू नका, झेपत नाई. मी बरं म्हनलं. दुसरी गाय घ्याची आमची ऐपत नाई. आता माह्या जिवात जीव आहे तोवर आमचा कानोबा काई बसत नाई, हे मले मालूम आहे. अंगन मी अष्टमीले अजूनही सारवते. पाट मात्र धुवत नाई.