कपाटातला कळप

विकायला काढलेली वस्तू न विकण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. 'आमचे' ही जुनी सवय. त्यांची मुकुंदवाडीतली वरची खोली सोडून मला बरीच वर्षं झाली. शाळेत नोकरी मिळाली म्हणून मी एकटीच या शहरात आले, तेव्हा त्या खोलीत राहत होते. खाली ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणत आले, मग मी त्यांच्या दारातून गॅसचं सिलिंडर लोळवत नेत असले तरी.

आबांच्या वडिलांची बिडकीनच्या अंगाला मेंढरं होती. आबा स्वतः चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर उभे राहून निवृत्त झाले, पण लहानपणी रानात डोळ्यांना लागलेलं वळण काही गेलं नाही. कधीतरी शहागंजात एका दुकानाबाहेर ते गाणं ऐकत उभे राहिले, आत जाऊन ती सीडी घेऊन आले, मग ती वाजवायला प्लेअर आणला, आणि मग एकटीला करमायचं नाही म्हणून तिला जोडीला दुसरी आणली. असा तो कळप वाढत गेला. भजनं, कव्वाल्या, लावण्या, सनई, शास्त्रीय गाणं, कानाला रुचेल ते घरात आलं. पण त्या सीड्या कपाटात लावायची त्यांची रीत जगात दुसऱ्या कोणाची नसेल. गाणाऱ्याचं नाव, भाषा, जुनं-नवं, यातलं काही नाही. वरच्या खणात 'गरीब', म्हणजे कोणाच्याही हाती द्याव्यात अशा शांत. मधल्या खणात 'दुभत्या', कितीदाही ऐका, काहीतरी देणाऱ्या. त्याखाली 'मारक्या', पहिल्याच ठेक्याला अंगावर धावून येणाऱ्या. आणि तळाला 'भाकड'. ऐकवत नाही ती सीडी ठेवायची कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "म्हातारं जनावर काय रस्त्यावर सोडून देत असतेत व्हय, मॅडम?"

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी ते कपाट उघडून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवत. मोजायचे नाहीत, नुसतं बघायचे. एकदा ते बाहेर गेलेले असताना मावशींना सांगून मी एक सीडी वर नेली. दिवेलागणीला जिन्याखालून हाक आली, "मॅडम, एक चुकून तुमच्याकडं आली का वो?" लागोपाठ दोन सीड्या वाजल्या की ते प्लेअरचं झाकण उघडं ठेवत, त्याला जरा वारा घेऊ द्यायचा म्हणून. समोरच्या काकूंनी पपईवर पाखरं बसू नयेत म्हणून एक जुनी सीडी दोऱ्याने झाडाला टांगली, तेव्हा तर आबांना जेवण गोड लागेना. गच्चीवर उभे राहून ते तिला वाऱ्यावर गरगरताना बघत बसत. शेवटी न राहवून गेले, काकूंना म्हणाले, "ताई, काय गुन्हा केला तिनं?" आणि स्वतः झाडावर पत्र्याचे डबे बांधून देऊन तिला सोडवून घरी आणलं. पुसून प्लेअरमध्ये घातली तर काहीच वाजेना. मी पाहिलं, ती प्रिंटरसोबत आलेली सीडी होती, तिच्यात गाणं असायचं काही कारणच नव्हतं. "म्हंजी मुकी हाय," आबा म्हणाले, आणि तिला वरच्या खणात, गरिबांमध्ये, जागा करून दिली.

मी हे सगळं हसत हसत सांगते आहे खरी, पण त्या कपाटाचं माझ्यावर ऋण आहे. त्या घरात राहत असतानाच माझी आई गेली. दिवसकार्य उरकून मी लातूरहून परत आले आणि शाळेत शिकवण्यापुरतं सोडलं तर कोणाशी बोलेनाशी झाले. लोक चांगले होते, पण भेटेल तो कसं झालं ते विचारी, आणि तेच तेच सांगून मी थकून गेले होते. एका संध्याकाळी माझ्या दाराबाहेर काहीतरी वाजलं. उघडून पाहते तर आबा जिन्यावर प्लेअर ठेवून वायर जोडत होते. म्हणाले, "सारंगी हाय. लई गरीब. कायबी इचारत नाय." आणि खाली निघून गेले. दार मी उघडंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी प्लेअर वर यायचा, सारंगी वाजायची, आणि वाजून झाली की मावशी पायऱ्या चढून यायच्या आणि भाकरी-भाजीचं ताट ठेवून जायच्या. मी रडले, जेवले, आणि हळूहळू माणसांत आले. आबांनी तो विषय तेव्हा काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. आयुष्यात मला पुष्कळांनी धीर दिला, पण इतक्या कमी शब्दांत कोणी दिला नाही.

तर अशा माणसावर वर्षभरापूर्वी सीड्या विकायची वेळ आली. झालं असं, की मावशी अंगणात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मुलाने ठरवलं, आता दोघांना एकटं ठेवायचं नाही. त्याने चिकलठाण्याला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. त्यातली एक खोली आईवडिलांची. खोली छान, हवेशीर, पण एका बाजूला खिडकी, एका बाजूला दार, एका बाजूला भिंतीतलं कपड्यांचं कपाट. मोकळी भिंत एकच उरत होती. मुलगा टेप घेऊन मोजमाप करून आला आणि म्हणाला, "आबा, एक तर तुमचं कपाट बसेल, नाही तर आईचा पलंग." त्यावर आबा विचार करू लागले. मावशींनी मला फोन केला तो याचसाठी. "मॅडम, सकाळपासून इचारच करायलेत बगा. एवढा लग्नात बी केला नव्हता."

मुलगा गुणी आहे. त्याने रात्री जागून सगळी गाणी एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिली आणि तो वडिलांच्या तळहातावर ठेवला. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा कोंडवाडा झाला," ते म्हणाले. "समदी एकाच जागी कोंडली. कोन कुठं हाय, कसं कळावं?" पण पलंगाचा प्रश्न होताच, आणि मावशींच्या हाताला प्लास्टर होतं. म्हणून त्यांनी सीड्या विकायचं नक्की केलं, आणि नक्की केल्यावर, विकाव्या की ठेवाव्या, हे प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. 'विका' म्हणणाऱ्याकडे ते असं बघत, की त्याने त्यांच्या घरात उभं राहून भलतंच काही सुचवलं आहे. 'ठेवा' म्हणणाऱ्याला ऐकवत, "अन् हिनं काय भुईवर झोपावं?" मी या दोन्ही चुका एकाच भेटीत केल्या.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याहून मोटारीतून आलं. जुन्या सीड्या जमवणारे एक सभ्य गृहस्थ. आबांनी त्यांना पोहे दिले, चहा दिला, आणि मुलगी द्यायच्या घरची चौकशी करावी तशी चौकशी सुरू केली. घरी कोण कोण असतं, रोज किती वेळ गाणं होतं, उन्हाळ्यात सीड्या कुठं असतात. गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "मी त्या वाजवत नाही हो. चरा पडतो. प्लास्टिकमध्ये बंद करून जपतो." आबांनी पोह्यांची बशी हळूच आपल्याकडे ओढली. "म्हंजी नुसत्या बांधून ठेवता," ते म्हणाले, आणि मग हवापाण्याचं बोलू लागले. गृहस्थांना व्यवहार मोडला हे कळायला बराच वेळ लागला.

दुसरा आला शहागंजातला जुन्या सामानाचा दुकानदार. त्या दिवशी मी तिथेच होते. हा मुलाखतीत पास झाला. दुकानात दिवसभर गाणी लावतो म्हणाला, वडील कव्वालीचे शौकीन होते म्हणाला. भाव ठरला, त्याने पोतं उघडलं, आणि आबा एकेक डबी उघडून आतली सीडी काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याला देऊ लागले. डबी मात्र बाजूला ठेवत. डब्यांची चळत वाढत चालली तसा दुकानदाराचा चेहरा बदलू लागला.

"चचा, डब्बी?"

"डबी नाय मिळायची."

"कायकू? डब्बी के बगैर कौन लेंगा इसकू?"

आबांना त्याच्या अडाणीपणाची कीव आली. शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, जनावर इकलं तरी दावं कोनी देत असतंय का? दावं आपल्याच गोठ्यात ठेवायचं. दावं गेलं की बरकत गेली."

गुरंढोरं असलेल्या घरांत ही रीत आजही पाळतात. गाय विकली तरी तिच्या गळ्यातलं दावं, म्हणजे दोर, मालक काढून घेतो आणि गिऱ्हाईक नवं दावं घेऊन येतं. पण सीडीची डबी म्हणजे तिचं दावं, हे आबांखेरीज कोणाच्या डोक्यात येणार? दुकानदार माझ्याकडे बघू लागला, मी छताकडे. बिचाऱ्याने समजावलं, हात जोडले, भाव वाढवला. आबा ढिम्म. शेवटी त्याने वर्तमानपत्रातल्या सगळ्या सीड्या टेबलावर परत मांडल्या आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकून, "आप दिल से नहीं बेच रहे, चचा," एवढं बोलून गेला. मावशी आतून म्हणाल्या, "त्याला कळलं. घरातल्याला कळंना."

त्यावर आबा खुर्चीत बसले. टेबलावर उघड्या सीड्या, शेजारी रिकाम्या डब्या, आणि मधे ते. मला वाटलं आता यांना रडू येणार. पण ते म्हणाले, "आमच्या बापानं काय केलं, मॅडम, एका साली पाऊसच नव्हता. चारा नाय, पानी नाय. लोकं मेंढरं कसायाला देत व्हते. बापानं एक बी इकलं नाय. सोयऱ्याधायऱ्यांत वाटून दिले. दोन याच्याकडं, चार त्याच्याकडं. तुम्ही सांभाळा, जे काय होईल त्यात निम्मं तुमचं, निम्मं माझं." एवढं बोलून ते उठले आणि मावशींना म्हणाले, "तुझा पलंग बसतोय गं."

पुढच्या रविवारी मुकुंदवाडीच्या त्या घरात आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं: जुने भाडेकरू, गल्लीतली माणसं, कारखान्यातले सोबती. ज्याच्याकडे प्लेअर नव्हता त्याने तो आधी मिळवायचा, अशी ताकीद होती. आबांनी प्रत्येकाचा स्वभाव बघून सीड्या दिल्या. अटी सोप्या होत्या. झाडाला टांगायची नाही, आठवड्यातून एकदा तरी वाजवायची, आणि वाजवताना आबांना फोन लावून ठेवायचा, कारण निम्मं त्यांचं. डब्या त्यांच्याकडेच राहिल्या. त्या पलंगाखाली मावल्या; जनावरं अशी अंधारात कोंडायची नसतात, दावी चालतात, असं आबांचं म्हणणं. मला मनातून सारंगी हवी होती. पण ती त्यांनी पपईवाल्या काकूंना दिली. काकूंचे यजमान त्या महिन्यातच गेले होते. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं तिच्याकडचं काम झालं, मॅडम. आता त्यांना लागंल." आणि माझ्या हातात एक मारकी कव्वाली ठेवली. ती लावली की आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक अजूनही काठीने छत ठोकतात.

गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी मी आबांना फोन लावते आणि तो स्पीकरसमोर ठेवते. टाळ्या सुरू होतात, घर दणाणतं, माझे यजमान पेपर घेऊन गॅलरीत जातात. संपल्यावर मी फोन कानाला लावते. आबा म्हणतात, "लई गुनाची निघाली. चांगलं ठेवलंय तुम्ही." मला शाळेतल्या बक्षिसाचा आनंद होतो, या वयात.

मागच्या महिन्यात आठवड्याच्या मधल्याच एका वारी मावशींचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला सांगते, कोनाला बोलू नका. फोनवरचं गानं त्यांना आता ऐकूच येत नाय. मानूस मोठ्यानं बोललं तर कळतंय, गान्याचं नाय. समद्यांचे फोन येतेत, कानाला लावून बसून राहतेत शेवटापर्यंत. तुम्ही बंद करू नका बरं का."

बंद करायचा प्रश्नच नव्हता. त्या रविवारी मी नेहमीसारखी कव्वाली लावली, फोन समोर ठेवला, आणि एरवी त्या वेळात भाजी निवडत असते ते न करता जमिनीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ती ऐकली. पलीकडे चिकलठाण्याला पलंगाच्या कडेवर बसलेला तो माणूस मला दिसत होता. त्याच्यामुळे मी या शहरात टिकले, हे त्याला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. गाणं संपल्यावर फोन उचलून मी मोठ्याने म्हणाले, "आबा, तुमचे लई उपकार आहेत माझ्यावर."

"ते असू द्या, मॅडम," आबा म्हणाले. "तुम्ही ऐकली का नीट?"

"ऐकली."

"मंग झालं."