गोण्या झटकणाऱ्या बाया

"ए बाई, तिथूनच बोल. तुझ्या अंगावरची धूळ गाडीत येते."

कारखान्याच्या साहेबांनी काच वर केली. बोटभर फट ठेवली. त्या फटीतनं मी बोलायचं.

कामाची पाळी सुटली होती. मी डोक्यापासनं पायापर्यंत पांढरी. तोंडाला गुंडाळलेला पदरही पांढरा. साहेबांच्या तोंडाला जाड मास्क होता, परदेशी पाहुण्यांना कारखाना दाखवताना घालतात तसला. आमच्यातल्या एकीनंही तो कवा हातात धरला न्हवता.

"खोकला थांबंना साहेब. दोन रोज रजा पायजे."

"खोकला सगळ्यांनाच असतो. तुमच्या वस्तीत राहिल्यावर दुसरं काय होणार?"

गाडी गेली. गेटवरचा वॉचमन हसला. माझ्या मागं उभ्या बाया खाली बघत राहिल्या.

मी जतकडची. लग्न होऊन कराडला आले. नवरा अपघातात गेला, लेक पदरात. थोरल्या जाऊनं मला ठेकेदाराकडं लावलं. कारखाना सिमेंटच्या पत्र्यांचा. छपरावर घालतात ते पत्रे. त्यात एक दगड मिसळायचा, पण दगड म्हणावा तर कापसावानी धागे सुटायचे त्याला. तो गोण्यातनं यायचा. आमी गोणी फाडायची, मशीनच्या तोंडात ओतायची, रिकामी गोणी झटकून घडी घालायची. झटकली की उन्हाच्या तिरिपेत धूळ चमकायची. जाऊ म्हणायची, "चांदी पडतीया बघ आपल्यावर."

गोण्या मजबूत. रिकाम्या न्यायला कुणी आडवत न्हवतं. वस्तीत घरोघरी त्याच गोण्या. दाराला पडदा गोणीचा, न्हाणीला आडोसा गोणीचा. माझी लेक लहानपणापास्नं त्याच्यावरच निजायची.

आधी जाऊ खोकायला लागली. कारखान्याच्या डॉक्टरनं दोन बोटांनी नळी धरून लांबनंच तपासलं. म्हणाला, "टीबी. गोळ्या खा. आणि तुमच्या लोकांनी जरा स्वच्छता पाळावी." तिनं गोळ्या खाल्ल्या. एक चुकवली न्हाई. शेवटी शेवटी तिला आडवं पडता येईना. भिंतीला टेकून बसायची, मासा पाण्याभाईर टाकल्यावानी तोंड उघडायची. बसल्या जागीच गेली.

मग माझी पाळी. तोच डॉक्टर, तशीच दोन बोटं. "टीबी. गोळ्या खा. स्वच्छता पाळा."

तेच शब्द. जाऊचं उघडं तोंड डोळ्यापुढनं हलंना.

तवा मी लेकीला घेऊन सांगलीकडं मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं एक तरणी डॉक्टरीण होती. माझ्या पाठीला कान लावावा तशी नळी लावून लय वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मावशी, काम काय करता तुम्ही?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं न्हवतं. मी सांगितलं. गोण्या, मशीन, चांदी. ती लिहायची थांबली.

थुंकी तपासली, छातीचे फोटो काढले. पुन्यांदा बोलावलं. समोर बसवून म्हणाली, "टीबी नाहीये. त्या दगडाला ॲस्बेस्टॉस म्हणतात. त्याचे बारीक धागे फुप्फुसात रुतलेत. फुप्फुस आतून कडक होत चाललंय. हे मागं फिरत नाही, मावशी. पुढं कॅन्सरचीही भीती असते, म्हणून तपासायला येत राहायचं. आणि ते काम आजच सोडायचं."

मी विचारलं, "आणि माझ्या जाऊला?"

"त्यांना मी तपासलं नाही. पण काम तेच होतं ना?"

"व्हय. आवं, आणि गोण्या घरात हायत. लेक त्याच्यावर निजती."

तिनं लगेच लेकीचाही फोटो काढला. तो स्वच्छ आला. मी हात जोडले, तर ती म्हणाली, "आत्ता स्वच्छ आहे. हा आजार कैक वर्षांनी वर येतो. घरातल्या गोण्या झटकू नका. पाणी मारून ओल्या करा आणि पिशवीत बांधून घराबाहेर काढा."

येताना यष्टीत लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी तिच्या नाकाकडं बघत बसले. श्वास आत गेला, भाईर आला. आत गेला. आत काय काय गेलं असंल? तवापास्नं ती नुसती शिंकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडं जाते. माझ्या मरणाला मी भीत न्हाई असं न्हाई. लय भिते. पण ते एक भ्या, आणि हे दुसरं.

दवाखान्याची बातमी कारखान्यात पोचली. साहेबांनी आत बोलावलं. थंड हवेच्या खोलीत मी पयल्यांदाच गेले. त्यांनी शिपायाला सांगून खुर्चीवर पेपर अंथरला, मग मला बस म्हणाले. पुढं कागद सरकवला. घरगुती अडचणीनं काम सोडते, कामामुळं मला कसलाही आजार न्हाई, असं त्यात होतं.

"अंगठा दे आणि हिशेब घेऊन जा."

"मला सही येते."

"मग सही कर."

"न्हाई करणार."

"कोर्टात जाणार? तुला तिथं कोण ओळखतं? आमच्या हजेरीत तुझं नावसुद्धा नाही. तू ठेकेदाराची."

उठताना टेबल धरावं लागलं. धरलं, आणि म्हणलं, "माझ्या जाऊला पण टीबीच झाला होता का, साहेब?"

अंथरलेला पेपर मी उचलला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

डॉक्टरणीनं सांगितलं होतं, कोर्टाच्या आवारात सरकारी मोफत वकील मिळतो. गेले. वकीलबाई मिळाल्या. म्हणाल्या, बाईला फी लागत न्हाई. म्हणाल्या, कामानं झालेला आजार म्हणजे कामावर झालेला अपघातच, त्याची भरपाई हक्कानं मागता येते. ठेकेदार मधी असला तरी मालकाची सुटका न्हाई. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ते भांडतील. टीबी म्हणतील, चुलीचा धूर म्हणतील. वर्षं जातील."

"तोवर मी असंन?"

त्यांनी खोटं सांगितलं न्हाई. "माहीत नाही. पण तुमच्या मागं तुमची मुलगी दावा चालवू शकते. पुरावा मात्र पाहिजे."

दावा घातलाय. वस्तीतल्या दोघी माझ्याबरोबर तपासून आल्या. बाकीच्या अजून कामाला जातात, माझ्याशी बोलताना गेटकडं बघतात. त्यांचं भ्या मला कळतं, माझंही गेलेलं न्हाई. पंधरा पावलं चालले की थांबावं लागतं, आणि थांबले की जाऊ दिसती.

लेकीला समोर बसवून सांगितलंय. ती रडली, तरी पुरं सांगितलं. मी गेले की माती करायची घाई करायची न्हाई. नातेवाईक ओरडतील, ओरडू द्यायचं. मला आधी सरकारी दवाखान्यात न्यायचं. छाती उघडायला लावायची. आत काय सापडलं ते डॉक्टरांकडनं लिहून घ्यायचं आणि कोर्टात न्यायचं.

मग जाळा.